मोदकपात्रातली माती

आईच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा गणपतीला सात आठवडे उरले होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि हाड छान जुळल्याचं सांगितलं. आईने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बोटं मिटून बघत होती आणि मूठ अर्ध्यावरच अडत होती. "मोदक वळता येतील ना?" तिने विचारलं. डॉक्टर हसले. आजी गंमत करतायत असं त्यांना वाटलं.

आई गंमत करत नव्हती. लग्न होऊन घरात आल्यापासून चतुर्थीचे एकवीस मोदक तिनेच वळलेत, कळ्या मोजून. माझी बायको बँकेत जाते आणि साच्याचे मोदक करते. ते आई आवडीने खाते, पण त्यांना "कंपनीचा माल" म्हणते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा हट्ट सोडावा असं मी एकदा सुचवून पाहिलं. "तू सोड ना आधी तुझे," एवढंच उत्तर आलं. माझे हट्ट म्हणजे नियम. मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली, त्यामुळे मोजल्याशिवाय माझ्या हातून चहासुद्धा होत नाही.

फिजिओथेरपीच्या मुलीने स्पष्टच सांगितलं, "आजी, हे दोन महिने महत्त्वाचे. बोटं आत्ता सुटली तर सुटली. रोज दोन वेळा कणीक मळायची, पंधरा-पंधरा मिनिटं."

"आणि मग त्या कणकेचं काय करायचं?"

"टाकून द्यायची."

आई उठून चपला घालायला लागली. घरी आल्यावर म्हणाली, "अन्नाशी खेळ मी करणार नाही." मग मी बाजारातून मुलांची रंगीत माती आणली, गुलाबी आणि पोपटी. आईने डबी उघडली, वास घेतला आणि परत माझ्या हातात दिली. "बालवाडीत घालतोयस का मला?"

शेवटी माळ्यावरून माझ्या मुलीचा खोका काढला. ती डिझाइन शिकत होती तेव्हाची तपकिरी माती त्यात होती. ही पाण्यात कालवायची माती नाही. तिच्यात तेल आणि मेण असतं, त्यामुळे ती वर्षानुवर्षं वाळत नाही, पण थंड असली की वीट. मी एक वडी ओट्यावर आपटली तर ओट्याचाच टवका उडायची वेळ आली. मुलीला बंगळुरूला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, ती गरम करावी लागते. पण गॅसवर नका हां ठेवू, प्लीज."

मला हे सांगायची गरज नव्हती. तेल आणि मेण थेट आचेवर ठेवणारा माणूस आमच्या लॅबमध्ये एक दिवस टिकला नसता. मायक्रोवेव्हही मी बाद केला, कारण त्यात वरून गार दिसणारी वडी आतून चटका देते. मी कपाटातून जुनं थर्मामीटर काढलं. मातीच्या सुपारीएवढ्या फोडी करून त्या झिपच्या पिशवीत भरायच्या, हवा काढून पिशवी बंद करायची. रंगकामाला वापरलेल्या एका जुन्या पातेल्यात पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवायचं, गॅस बंद करून मगच त्यात पिशवी सोडायची, दहा मिनिटांनी काढायची. मातीला लागलेलं भांडं परत अन्नाला नाही. आणि माती हातात घेण्याआधी डाव्या मनगटावर टेकवून बघायची, कारण आईच्या उजव्या बोटांना अजून मुंग्या येत आणि त्यांना चटका कळला नसता. हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

आईने चष्मा लावून तो कागद वाचला. "उकडीला मी कधी थर्मामीटर लावलं नाही," ती म्हणाली. पण माती हातात आल्यावर तिचा चेहरा बदलला. कोमट, तेलकट, बोटांना न चिकटणारी. तिने लगेच तिची गोळी केली, अंगठ्याने खळगा पाडला आणि कड चिमटायला घेतली. तीन कळ्या पडल्या, चौथीला बोटं थांबली. तरी ती दिवसभर खुशीत होती, आणि खरं सांगायचं तर मीही होतो.

दहा-बारा दिवस असे गेले. सकाळ-संध्याकाळ मी पाणी तापवायचो, घड्याळ लावायचो आणि पिशवी तिच्यापुढे ठेवायचो. कळ्या पाचवर आल्या.

मग एका सकाळी मी भाजी आणायला स्टेशनजवळ गेलो होतो. मेथी निवडत असताना फोन वाजायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर गोंधळ चालला होता. "कसला वास येतोय? कंपनीतून काही सुटलंय का?" डोंबिवलीत कसलाही वास आला की पहिला संशय कंपन्यांवरच जातो, आणि आमच्या सोसायटीत दुसरा फोन मला येतो. कोणी लिहिलं मेणबत्ती विझवल्यासारखा वास आहे, कोणी लिहिलं घशात खवखवतंय. मी भाजीवाल्यापाशी उभा राहून मोठ्या रुबाबात उत्तर टाकलं. "मेणयुक्त तेल जळत असावं. वारा मानपाड्याकडून आहे. सर्वांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. घाबरू नये, मी येत आहे." खाली नमस्काराचे बारा हात आले.

जिना चढताना सगळ्यांची दारं-खिडक्या गच्च बंद होती. फक्त आमच्या सताड उघड्या होत्या आणि धूर तिथूनच येत होता.

आई ओट्यापाशी उभी होती, गॅस तिने बंद केलेला होता. समोर तांब्याचं मोदकपात्र. माती मऊ करायला तिने तिच्या सवयीने वाफ काढली होती. कुंडीतलं हळदीचं पान खुडून चाळणीवर घातलं होतं, त्यावर मातीच्या फोडी मांडल्या होत्या. मोदकपात्रात काही ठेवायचं तर खाली पान हवंच. पुढे तिला फोन आला, पाणी आटलं, आणि वितळलेली माती पानावरून ओघळून भोकांतून खालच्या तापल्या तांब्यावर पडली.

मी आधी तिचे हात पाहिले. कुठे भाजलं नव्हतं. त्यानंतर गप्प बसायला हवं होतं. पण बारा नमस्कार माझ्या डोक्यात होते. "हात मोडला तेवढं पुरे नाही का तुला? आता घर पेटव!" मी ओरडलो. आई डाव्या हाताने ओटा पुसायला लागली. मी ग्रुपवर लिहिलं, "उगम सापडला. आमचंच स्वयंपाकघर. क्षमस्व." त्यावर जे हसरे चेहरे आले ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

त्या दिवसापासून आईने मातीला हात लावला नाही. मी पिशवी पुढे ठेवायचो, ती "नंतर" म्हणायची. चौथ्या दिवशी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, आईंची बोटं परत आखडलीत. सकाळी ब्रश डाव्या हाताने करत होत्या. तुमचं भांडण गणपतीनंतर करा ना." दोन महिन्यांतले चार दिवस माझ्या तोंडामुळे फुकट गेले होते.

मी आईजवळ जाऊन बसलो. "चुकलं माझं," म्हटलं. तीस वर्षांत लॅबमध्ये हे वाक्य मी फारसं वापरलं नव्हतं, त्यामुळे नीट जमलं नाही.

"ओरडलास त्याचं काही नाही," आई म्हणाली. "धूर झाला, ओरडायलाच हवं होतं. पण तू रोज पाणी तापवून देतोस, सून वेणी घालून देते. उद्या घास कालवून द्याल. मला एक गोष्ट माझी मी करून बघायची होती रे."

मी उगाचच फ्रिजवरच्या कागदाकडे बघत राहिलो. तीच पुढे म्हणाली, "आणि मला एक सांग, पन्नास अंश म्हणजे किती गरम?"

"आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त."

"मग गिझर काय शोभेला लावलाय?"

मी थर्मामीटर घेऊन बाथरूममध्ये गेलो. गिझरचा काटा खाली फिरवून पाणी मोजलं तर एकावन्न. ना गॅस, ना धूर, ना वितळायची भीती. तीस वर्षांच्या अनुभवाने जे सुचलं नाही ते बाईला बसल्या जागी सुचलं होतं. जुना झाकणाचा डबा नळाखाली ठेवायचा, डाव्या हाताने नळ सोडायचा, नळ बंद करून पिशवी चिमट्याने आत सोडायची, झाकण लावायचं आणि एक हरिपाठ म्हणायचा. घड्याळ तिने नाकारलं. मी एकदा चोरून वेळ लावली, हरिपाठ बारा मिनिटांत झाला. मी कागदावर "दहा मिनिटे" खोडून "बारा" केलं आणि तोंड बंद ठेवलं.

त्यानंतर मी मातीच्या वाटेला गेलो नाही. खिडकीत तपकिरी मोदकांची रांग वाढत गेली, सात कळ्यांचे, नऊ कळ्यांचे, काही कुबड आलेले. मोदकपात्र घासूनही वास जाईना, म्हणून बायकोने कल्याणहून नवं आणलं. आईने ते वाजवून पाहिलं आणि पत्रा पातळ असल्याचं सांगितलं.

चतुर्थीच्या सकाळी आईने उकड परातीत उलटली आणि तेल-पाण्याचा हात लावून मळायला घेतली. मी दारात उभा होतो. मदतीला पुढे होऊ नका, असं बायकोने बजावलं होतं. पहिल्या मोदकाची पारी फाटली. आईने ती मोडून गोळ्यात मिसळली. दुसरी नाकाशी चिरली, तीही मोडली. देवा, एकवीस नको, एक होऊ दे, असं मी मनात म्हणत होतो. मला तिकडे बघवेना, म्हणून मी सारणाच्या पातेल्याकडे बघितलं. गूळ-खोबरं, वर वेलची. हात कधी गेला कळलंच नाही.

फाडकन मनगटावर फटका बसला. चिमूट खाली सांडली.

"नैवेद्य व्हायचाय अजून! साठ वर्षांचा घोडा झालास!" आई माझ्याकडे न बघताच म्हणाली आणि तिसरी पारी हातात घेतली.

चांगला सणसणीत लागला होता. मी मनगट उजेडात धरलं. त्यावर पांढऱ्या उकडीची पाच बोटं उमटली होती, उजव्या हाताची.