देवमाशाच्या दिवशीची एकादशी

आमच्या नात्यात सगळे सांगतात, की माझ्या आईने लग्नानंतर एकही एकादशी मोडली नाही. ते खरं नाही. एक मोडली, आणि ती मी खोटं बोलून मोडवली. भजनानंतर लोक आपापले अनुभव सांगू लागतात तेव्हा मी खाली मान घालून बसतो, कारण माझा अनुभव सांगायचा तर आधी हे पाप सांगावं लागतं. पन्नाशी उलटली आहे. आता सांगून टाकतो.

आम्ही तारनाक्याला राहतो. गेल्या माघात आईला घेऊन मी श्रीलंकेला गेलो. सीतामाईला जिथे ठेवलं होतं ती जागा तिला मरायच्या आधी पाहायची होती. ती पाहून झाली. आई तिथल्या ओढ्यात हात बुडवून रडली. मी शेजारी कोरडाच उभा होतो. माझं मन आधीच पुढे, समुद्रावर गेलं होतं. थंडीच्या दिवसांत दक्षिणेकडच्या एका बंदरातून देवमासे दाखवायला बोटी सुटतात, त्यांची चित्रं मी महिनोन्महिने फोनवर पाहत आलो होतो. पूजेला बसलो तरी डोळ्यांपुढे तेच. देव आहे की नाही याचं मला तेव्हा काही पडलं नव्हतं. तो मासा मात्र मला पाहायचाच होता.

आदल्या दुपारी बोटवाल्याने बजावलं, की निघण्याआधी थोडं खा, उलटीची गोळी घ्या, आणि म्हातारं माणूस उपाशी असेल तर आम्ही बोटीत घेणार नाही. परक्या गावात आईला खोलीवर एकटी ठेवता येत नव्हतं, म्हणजे ती नाही तर मीही नाही. खोलीवर आलो तर ती बोटांवर तिथी मोजत बसलेली.

"उद्या एकादशी ना रे? घरचं कॅलेंडर नाही, काही कळंना झालंय."

मी फोनमध्ये पाहिलं. उद्याच होती.

"नाही आई, परवा," मी म्हणालो. "इकडे तिथी एक दिवस उशिरा येते."

"तू शिकलेला. तू म्हणतोस तर असंल," म्हणाली आणि मोजणं थांबवलं. म्हाताऱ्या जिवाची काळजी म्हणून बोललो, असं मी स्वतःला समजावलं. पण काळजी असती तर मी बोट सोडली असती.

सकाळी तिने मी दिलेलं केळं आणि पाव खाल्ला, गोळी घेतली, आणि बोटवाल्याने दिलेल्या केशरी जाकिटावरून तुळशीची माळ बाहेर काढून बोटीत बसली. दोन तास झाले तरी पाण्यात काही दिसेना. आई हसून म्हणाली, "सुलतान बाजारात मला साडी दाखवायला लागले की अर्ध्या तासात तोंड वाकडं करतोस. अन् माशासाठी बरा गपगुमान बसलास!"

मग लाटा वाढल्या. पोटभर खाऊन, गोळी घेऊन बसलेला मीच आधी आजारी पडलो. कठड्यावर ओणवा झालो तसा पिकल्या केसांचा एक खलाशी धावत आला. त्याने मला पट्ट्याला धरून मागे ओढलं, डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसवलं आणि नाकाशी चिरलेलं लिंबू धरलं. मग आईकडे बघून "अम्मा" एवढंच म्हणाला आणि तिचा हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला.

तेवढ्यात उजवीकडे दूरवर पाण्याचा फवारा उडाला. सगळे ओरडत तिकडे धावले. मला उठवेना. आई कानाशी वाकून म्हणाली, "ऊठ लेकरा, मी धरते. ह्याच्यासाठीच आलास ना इतक्या दूर?"

ते मला सोसलं नाही. मी म्हणालो, "आई, एकादशी आज आहे. मला कालच माहीत होतं."

तिचा हात माझ्या पाठीवरून निघाला. तिने तो मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. सकाळी याच हाताने ती जेवली होती. ती रागावली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड फिरवून समुद्राकडे पाहिलं. उजवीकडचा मासा एव्हाना बुडी मारून गेला होता, लोक हळहळत होते, इंजिन बंद होतं. मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं नाही. तुझ्या दिवसाशी मी खेळलो, आता तू ठेवशील तसा राहीन, इतकंच म्हणालो.

आणि आमच्या बाजूला कुणीतरी श्वास सोडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. डोळे उघडले तर निळसर राखाडी पाठ पाण्यातून वर येत होती, संपतच नव्हती. फवाऱ्याचे थेंब आमच्या तोंडावर आले. फोन पिशवीत होता, तो काढावा असं मनातही आलं नाही.

"केवढा रे श्वास," आई पुटपुटली. तिचा हात परत माझ्या पाठीवर आला होता. कधी आला ते मला कळलं नाही.

लोक इकडे धावेपर्यंत शेपटी पाण्यात गेली होती. लांबून तो खलाशी आईला हात जोडून हसला.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. माशाला श्वास हवा होता, तो वर आला. पण ज्याच्यासाठी मी देवाची तिथी ढकलली, तो माझ्या तिकिटाला बांधलेला नव्हता. माझी सगळी हुशारी ओकून पडल्यावर, एका परक्या माणसाने बसवलं त्या बाकाशेजारी तो आला.

परतताना सगळ्यांना अननसाच्या फोडी दिल्या. आईने हात लावला नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीला तिने चुकलेला उपास धरला, आणि मी तिच्याबरोबर. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. माझ्या बहिणींनाही तिने काही सांगितलं नाही.

आता दर पंधरवड्याला ती स्वयंपाकघरात, बरोबर कॅलेंडरखाली बसून मला हाक मारते, "उद्या काय आहे रे?" तिला वाचता येतं. वर नुसती मान केली तरी दिसेल. एवढं होऊनही ती मलाच विचारते, याहून मोठी कृपा मला ठाऊक नाही. मी उठतो, भिंतीपाशी जातो, तारखेवर बोट ठेवतो, आणि जे असेल तेच सांगतो.