नुमाइशीची चूल

मावशी गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरनं आणून दिली. नेरडीगोंड्याच्या शाळेत मी चौथीला भागाकार शिकवत होते आणि कोणाच्याच पाटीवर उत्तर बरोबर नाही म्हणून वर्गावर चांगलीच तापले होते. निर्मलकडे जाणारी बस फाटकाशी थांबली, कंडक्टर उतरून थेट वर्गाच्या दाराशी आला आणि त्यानं एक चिठ्ठी पुढे केली. ‘यमुनाबाई दुपारी झोपेतच गेल्या. लवकर या.’ मी चिठ्ठी दोनदा वाचली, फळ्यावरचा भागाकार पूर्ण केला आणि मगच रडले. मावशीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला काम अर्धवट टाकून रडताही येत नाही... आज सव्वा महिना झाला. आता बसून दोन शब्द लिहावेत एवढं मन थाऱ्यावर आलं आहे.

आई लवकर गेली, तेव्हापासून मावशीच माझी आई. गुडीहत्नूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून आमचं गाव आहे. गावात तिला यमुनाबाई म्हणणारे थोडे, नुमाइशबाई म्हणणारे फार. त्याचं कारण आमच्या घरासमोरच, रस्त्यापलीकडे उभं होतं. निजामी नुकतीच संपली होती, त्या काळात सरकारनं तिथं एक नमुन्याचं घर बांधलं. खेड्यातल्या बाईनं नव्या जमान्यात कसं राहावं ते दाखवायला. उजेडासाठी छपरात काचेची कौलं, सांडपाणी पपईच्या झाडांना नेणारी नाली, हातानं फिरवून कपडे धुवायचं पिंप आणि सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे उभ्यानं स्वयंपाक करायचा सिमेंटचा ओटा आणि त्यावर धुराडं लावलेली बिनधुराची चूल. लोकांनी त्याला नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, म्हटलं. ही सगळी नवलाई समजावून सांगायला जी मुलगी नेमली, ती एकोणीस वर्षांची, गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतली सातवी पास यमुना. बायका यायच्या, पिंपाला ताक घुसळायचं यंत्र समजायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या आणि जायच्या. मावशीनं पुढे केलेला पाण्याचा पेला मात्र त्यांतली एकही घेत नसे. ती चूल कधी पेटलीच नाही. दोन-तीन वर्षांत घराला कुलूप लागलं आणि गावाला एक म्हण मिळाली: ‘नुमाइशीची चूल, ना धूर ना भाकर.’ दिसायला चांगला पण कामाला शून्य असा जावई असो की पुढारी, त्याला ही म्हण बसायचीच.

मावशी पुढे ग्रामसेविका झाली, गावोगाव फिरली, निवृत्त झाली. तोवर ऐंशीचं दशक उलटत आलं होतं. गावाला मंडलाचं, म्हणजे छोट्या तालुक्याचं, ऑफिस आलं होतं आणि नुमाइशीच्या घरात खताची पोती पडली होती. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. ही रोज सकाळी अर्ज घेऊन मंडल ऑफिसात जाऊ लागली. घर दुरुस्त करा, म्हणून. मी जाम वैतागले. मला वाटायचं, आयुष्यभर उन्हातान्हात फिरली, आता तरी बसावं. एकदा रागाच्या भरात बोलून गेले, “मावशी, त्या चुलीसारखीच तू. ना धूर ना भाकर!” ती तांदूळ निवडत राहिली. ते वाक्य मला आजही डाचतं. मी माफी मागितली होती, पण तोंडातून गेलेलं परत थोडंच गिळता येतं?

शेवटी एक साहेब असा आला, की ज्याला जुन्या वस्तूंचा शौक होता. त्यानं जुनी फाईल शोधली, नकाशा काढला आणि घर होतं तसं उभं करायचा हुकूम दिला. अट एकच घातली. उन्हाळ्यापर्यंत गावानं घर वापरात आणलं तर राहील, नाही तर पाडून तिथं रेकॉर्डखोली होईल. मिस्त्री नकाशाबरहुकूम कामाला लागला. कौलं बसली, नाली वाहती झाली, धुराडं चढलं, ओटा नव्यानं ओतला गेला. मावशी रोज जाऊन बघायची आणि दिवसेंदिवस गप्प होत जायची. मला वाटलं, आनंदानं.

साहेबांच्या मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या, दिवशी मात्र तिनं कहर केला. वरच्या आळीतली सरूबाई, कापूस वेचून आलेली, तशीच हात धरून तिनं ओट्यासमोर उभी केली. परातीत ज्वारीचं पीठ घातलं आणि म्हणाली, “थाप, सरू.”

“इथं? अव माय, कशी थापू व? हा तर छातीले लागून राह्यला!”

“थाप म्हणते नं.”

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते तळहाताच्या टाचेनं, अंगाचा भार देऊन मळावं लागतं, तेव्हा कुठं भाकर एकजीव होते. सरूबाईचे खांदे कानांपर्यंत चढले, टाचा वर झाल्या, पण हाताला जोर काही येईना. भाकर काठाला फाटली. दुसरी फाटली. साहेब हसू दाबत बघत होते. मग मावशी त्यांच्याकडे वळली आणि जन्मभर न बोललेली गोष्ट बोलली. “साब, ये ओटा इंजिनेर साब अपनी कमर के नाप से बनाए थे. मेरेकू पूछे थे, ठीक है क्या? मैं छोटी थी, डर गई. बोली, बहुत अच्छा है. झूठ बोली मैं.”

साहेब म्हणाले, “अम्मा, पुरानी चीज है. जैसा था वैसाच रखना.”

“वैसाच रखे तो खाली था वैसाच खाली रहेगा, साब.”

मला तेव्हा उलगडा झाला. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला लोकांच्या चेष्टेचा राग आहे. राग होता तो तिला स्वतःचा. त्या संध्याकाळी ती म्हणाली, “इंजिनेराची चूक नव्हती व. त्यानं मले विचारलं होतं. खरं सांगाले तिथं मी एकटीच होती... अन् मी मान हालवली.” असं म्हणून ती चक्क हसली. पाठीवरचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो, तसं.

साहेबांनी ओटा उतरवायची परवानगी दिली, कपाळाला आठ्या घालून का होईना. मिस्त्रीनं टेप काढला, तर मावशीनं तो त्याच्या खिशात परत घालायला लावला. गावातल्या उंच, ठेंगण्या, पोटुशी, म्हाताऱ्या अशा पंधरा-वीस बायका जमवल्या, प्रत्येकीला उभं करून कोपराखाली भिंतीवर कोळशाची रेघ ओढली आणि जिथं रेघांची दाटी झाली, तिथवर ओटा उतरवला. वीतभर आणि वर चार बोटं! साहेबाच्या नकाशाची पार दशा झाली, पण चूल पेटली त्या दिवशी पहिली भाकर मावशीनं स्वतः थापली आणि ती टम्म फुगली. मावशीनं ती ओट्यावर ठेवली. ही भाकर आता खाणार कोण? जिच्या सासूनं एके काळी मावशीच्या हातचा पेला परत केला होता, त्या सरूबाईनं हात पुढे केला, एक तुकडा मोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. “मीठ कमी हाय,” ती म्हणाली. मग बायकांची झुंबड उडाली. मावशी सगळ्यांना भाकरी देत राहिली आणि तिला स्वतःला एकही उरली नाही. त्या दिवसाइतकी तृप्त मी तिला कधीच पाहिली नाही.

रेकॉर्डखोली दुसरीकडे झाली. नुमाइशीत महिला मंडळ बालवाडीच्या मुलांचं जेवण शिजवू लागलं, गावातल्या लग्नांच्या भाकरी तिथं होऊ लागल्या. मावशी रोज एक चक्कर टाकायची, कोणी धुराडं झाडलं नसेल तर फटकारायची आणि घरी येऊन सुखानं पडायची. गेली तीही अशीच चक्कर टाकून आल्यावर, पंख्याखाली, कुशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती झाली. बुद्धवंदना झाली, पाहुणे अंगणात बसले. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, म्हणून मी रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते. दुपारी सरूबाई आणि आणखी चौघी भाकरीच्या दोन टोपल्या आणि पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या. मला काही खायचं नव्हतं. सरूबाईनं ताटली माझ्या पुढ्यात सरकवली.

“खाय, पोरी. यमुनाबाईच्या घरच्या भाकरी हायत.”

“काहीबी बोलून राह्यली का काकू?” मी चिडून म्हटलं. “यमुनाबाईच्या घरी आज चूल तरी पेटली का?”

“हे घर नाही व,” ती म्हणाली आणि तिनं खिडकीतून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. “ते.”

नुमाइशीला कोणी घर म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पाचही जणी माझ्यासमोर उभ्या होत्या. मी ताटली जवळ ओढली आणि जेवले.