सासऱ्यांच्या काडतुसातली टिकली

माझे सासरे जर्मन. श्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका खेड्यात राहायचे. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते, पण गावच्या चर्चमध्ये ऑर्गन अजून तेच वाजवायचे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना सरळ नावानं हाक मारायला हवी होती. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी 'बाबा' म्हणू लागले आणि तेच राहिलं.

बाबांचा दुसरा नाद म्हणजे रायफल. गावातल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, ते तरुणपणापासून जात. काडतुसं घरी, केलरमध्ये म्हणजे तळघरात बसून स्वतः भरत. त्यासाठी लागणारा सरकारी परवाना त्यांच्याकडे होता. पुण्यात माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "अगं, पण माणसं बरी आहेत ना?"

माणसं बरीच होती. रविवारी आम्ही आमच्या घरून, गेर्लिंगेनहून, त्यांच्याकडे कॉफीला जायचो. केक संपला की नवरा सोफ्यावर आडवा व्हायचा आणि मी खाली जाऊन बाबांचं काम बघत बसायची. कशाला हात मात्र लावायचा नाही. "परवाना माझा आहे, तुझा नाही," ते हसत सांगायचे, पण नियम पक्का होता.

काडतुसाच्या बुडाशी एक इवलीशी धातूची टोपी बसवतात, प्रायमर. रायफलचा घोडा ओढला की तिच्यावर टोला बसतो, ती पेटते आणि आतली दारू पेटवते. आमच्याकडे दिवाळीत मुलं पिस्तुलात टिकल्या फोडतात, तसंच हे, असं मी एकदा म्हणाले. तेव्हापासून बाबाही प्रायमरला 'टिक्ली' म्हणू लागले.

एका शरदात कॉफी ओतता ओतता ते म्हणाले, "आल्झो, तर मी रायफल विकणार आहे."

"बरं झालं, पापा," नवरा म्हणाला. "या वयात कशाला हवंय ते?"

मी विचारलं, "पण का, बाबा?"

"पूर्वी निशाणाच्या कागदावर माझी सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जायची. आता कागदभर पसरतात. हात गेला माझा." मग ते म्हणाले, "ऑर्गनसाठीही दुसरं कुणी बघा, असं पाद्रीबुवांना सांगणार आहे."

नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाई गेल्यावर त्या ऑर्गननंच बाबांना घराबाहेर काढलं होतं.

मी ते निशाणाचे कागद मागितले. माझं काम सेन्सर तपासण्याचं. आकडे बिघडले की आधी बिघाडाचा आकार बघायची सवय. कागदावर भोकं खाली-वर गेली होती, डावी-उजवीकडे जवळजवळ नाहीत.

"हात थरथरला असता तर भोकं चहूकडे गेली असती," मी म्हणाले. "अलीकडे काय बदललंय?"

"मी बदललो. म्हातारा झालो."

"ते सोडून सांगा."

ते बोटांवर मोजू लागले. "दारू तीच. गोळी तीच. टिक्ली मात्र वेगळी आहे. नेहमीची मिळत नव्हती. दुकानदार म्हणाला, मापाला बसते, काही फरक पडत नाही."

मग बाबा स्वतःच बोलू लागले. प्रत्येक कंपनीच्या टिकलीची ज्योत सारखी नसते. ती कमी-जास्त झाली तर दारू कधी जोरात पेटते, कधी सावकाश. गोळीचा वेग बदलतो, मग ती कधी वर लागते, कधी खाली. हे त्यांना माहीत होतं. पण स्वतःवरच संशय आला की माणूस दुसरीकडे बघत नाही.

फेराइनमधल्या एका मित्राकडे जुन्या टिकल्यांचं एक पाकीट निघालं. बाबांनी दोन्ही प्रकारची काडतुसं भरली, बाकी सगळं अगदी एकसारखं. पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या जागी तो मित्र त्यांच्या हाती एकेक काडतूस देत होता. कुठलं कोणतं, ते बाबांना सांगत नव्हता. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली. मी कानांवर आवाजरोधक चढवून मागे उभी. हातच गेला असेल तर, हे सगळं मीच उकरून काढलेलं.

कागद आणले. नव्या टिकल्यांची भोकं तशीच खाली-वर. जुन्यांची सगळी नाण्याएवढ्या जागेत, फक्त एक जरा बाजूला.

बाबांनी त्या एकावर बोट ठेवलं. "हे माझं," ते म्हणाले आणि खूप दिवसांनी मोकळं हसले. "बाकीची टिक्लीची."

रायफल विकली गेली नाही. जुन्या टिकल्या संपल्यावर त्यांनी तिसऱ्याच कंपनीच्या आणल्या. टिकली बदलली की दारू आधी कमी करून हळूहळू वर यायचं असतं. त्या कामात त्यांचा अख्खा हिवाळा आनंदात गेला. ऑर्गन सोडतोय हे सांगायला पाद्रीबुवांकडे मात्र ते गेलेच नाहीत. नाताळला आम्ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. मधे एक सूर चुकला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, आणि वर सज्जात ऑर्गनवर बाबा न थांबता पुढची ओळ वाजवू लागले.