उंबऱ्याचे लाकूड

ओव्हरसियर साहेबाने त्या हमालाला फसवले आणि बोल माझ्यावर आला.

कोयनेच्या भूकंपानंतर तिकडच्या नव्या सरकारी घरांच्या चौकटींसाठी माझ्या घाटंजीच्या वखारीतून सागवान गेले. ते न्यायला आलेल्या ट्रकांबरोबर तिकडचा हा साहेब आणि तो हमाल आले होते. हमालाचेही घर पडले होते. माझ्या टिनाच्या छपराखाली तो बसायचाच नाही. भर उन्हात भाकरी खायचा.

निघताना एका जाड तुकड्यावर हात फिरवत म्हणाला, "शेठ, ह्यो उंबऱ्याला द्या. नव्या घरांना उंबराच न्हाई. लेक माहेरी आली, तर भाकरतुकडा कुठं ओवाळायचा?"

"घेऊन जाय ना बाप्पा! तुले पैसे कोण मागून राह्यलं?"

भाव केल्याशिवाय मी काडीही देत नाही. पण तो तुकडा दिला, मागच्या ट्रकवर स्वतः चढवला. हमाल पुढच्या ट्रकवर बसून गेला. फाट्यापर्यंत माझ्याकडे पाहून हात हलवत होता.

तो दिसेनासा होताच साहेबाने मागच्या ट्रकवरून तुकडा खाली टाकला. "नकाशात उंबरा नाही." मी घसा फोडून भांडलो, पण ट्रक गेला.

त्याचे नावगाव मी विचारले नव्हते. अजून तिकडचा ट्रक आला, की मी आधी हमालांची तोंडे पाहतो. शेठने तोंडदेखले दिले, असेच त्याला वाटत असणार. त्या साहेबाने हमालाच्या दारात उभे राहून सांगावे, की लाकूड शेठने दिले होते आणि ट्रकवरून काढले मी.