मास्टरांचा हात आणि बिनबटणांचे शर्ट

आमच्या गल्लीतली निम्मी पुरुषमंडळी काही वर्षं शर्टाला सेफ्टी पिना लावून हिंडत होती आणि त्याला कारण होता मास्टरांचा उजवा हात. चंद्रपूरला जटपुरा गेटाच्या आतल्या बाजूला मास्टरांचं शिवणाचं दुकान होतं. शर्ट असा बेतत की सुटलेल्या पोटाचा माणूसही आरशापुढे जरा जास्त वेळ उभा राही. फक्त त्या शर्टाला काज-बटणं नसत. नवा शर्ट हातात देताना मास्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "सध्या पिना लावून घ्या, भाऊ. सलमा आली का बटणं लागून जाईन."

सलमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, गडचांदूरला दिलेली. लग्नाआधी दुकानाच्या कोपऱ्यात बसून सगळ्या शर्टांची काजं तीच हातानं करायची. मशीनची काजं मास्टरांना खपत नसत. "उंदरानं कुरतडल्यावाणी दिसते ते," म्हणायचे. सलमा सासरी गेली आणि मास्टरांच्या हाताची तक्रार सुरू झाली. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून थेट अंगठ्यात उतरायची. कात्री चाले, मशीन चाले, पण सुई चिमटीत धरली की डोळ्यांत पाणी येई.

मानेचे एक्स-रे फोटो काढून झाले, गळ्यात पट्टा बांधून झाला, दुकानात नव्या कापडापेक्षा मलमाचा वास जास्त येऊ लागला. फोटोत काहीच सापडलं नाही. मग समोरच्या पानठेल्यावर आम्ही सर्वांनी मिळून निकाल दिला की हे दुखणं मनाचं आहे. पुरावाही तयार होता. सलमा दोन दिवस माहेरी आली की हात बरा, ती बसमध्ये बसली की पुन्हा कळ सुरू. मास्टर चिडत. "हात माहा, दुखते मले, आन निकाल देते पानठेला. मी काय नाटक करून राह्यलो?"

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुखणं खरं आहे, मास्टर. नस दबत असेल आणि मनावरचा ताण त्यात भर घालत असेल. दोन्ही एकदम असू शकतं." गल्लीनं यातला 'मन' हा एकच शब्द उचलला आणि तो आम्ही घरी पोचायच्या आत गडचांदूरला पोचला.

तिथे सलमाचे सासरे होते. खाणीतून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "मनाचं दुखणं हाय त मन घट्ट करा. दरवेळी सुनेले कसं धाडू?" सलमाचं येणं बंद झालं. नस दुखत असती तर मुलगी भेटली असती. मन दुखतंय म्हणून ती भेटेना. त्या दिवसांत मास्टर दुकान उघडत, पण बोलत फार कमी. आम्हाला पिनांची चिंता होती हे कबूल करतो, पण मास्टरांचा चेहरा बघवत नव्हता.

ईद जवळ आली. व्याह्यांना कपड्यांचा भारी शौक, आणि कुर्ता मास्टरांच्याच हातचा लागे. मास्टरांनी जीव ओतून कुर्ता शिवला, मशीनवर बारीक काम केलेली गळापट्टी लावली आणि बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिला. पुढून कुर्ता सताड उघडा. एक काज नाही की एक बटण नाही. व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. मास्टर अत्यंत अदबीनं म्हणाले, "व्याहीसाहेब, तुम्ही सांगतलं तसं मन घट्ट केलं. पण सुई धराले मन नाई चालत, बोटं लागते."

दुसऱ्या दिवशी व्याही कुर्ता आणि सून दोघांना घेऊन हजर झाले. मास्टर खुलले. पानठेलेवाला लगेच दुकानात डोकावून म्हणाला, "पाहा, पोरगी आली आन हात बरा झाला."

सलमानं सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. "काका, मी आली का सुई माह्या हातात असते. अब्बाच्या हाताले आराम भेटते. मंग बरं नाई वाटन त काय? आन हा हात माह्या लग्नापासून नाई दुखत. मी शाळेत होती तवापासून दुखते. म्हणूनच त मी काजं शिकली. लग्न जमलं तवा अब्बानं 'दुखते' म्हणणंच सोडून देल्लं, मी लग्नाले नाई म्हणन म्हणून."

पानठेलेवाला हळूच मागे सरला. व्याह्यांनी हातातला कुर्ता सुनेपुढे ठेवला. म्हणाले, "दर महिन्याले येत जाईन ती. आन बटणं जरा मोत्याची लाव, बेटा."

पुढे मी एकदा एकटं गाठून मास्टरांना छेडलं. "म्हणजे मनाचा काही संबंधच नव्हता म्हणा." ते हसले. "हाय ना, भाऊ. पोरगी गेल्यावर मनही दुखलं. पण ते बोटात नाई दुखत. मले फरक समजते."

हात शेवटपर्यंत दुखत राहिला. सलमा दर महिन्याला येत राहिली, गल्लीतल्या पिना गेल्या आणि मास्टरांच्या तक्रारी ऐकायची आम्हाला इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी त्या ऐकू आल्या नाहीत तर आम्हीच विचारायचो. मागच्या हिवाळ्यात मास्टर गेले. चाळिसावा झाल्यावर सलमानं दुकान उघडलं. अब्बांनी शिवून टांगून ठेवलेल्या शर्टांना बटणं लावायची राहिली होती. त्यातला एक माझा होता.

मी गेलो तेव्हा ती तिच्या जुन्या कोपऱ्यात बसून काज करत होती. मान खाली, डोळे भरलेले. सकाळपासून एकसारखी सुई चालू असणार म्हणून मी विचारलं, "दुखतंय का गं?"

तिनं दोरा दातानं तोडला आणि शर्ट माझ्या हातात दिला.

"बोटात नाई, काका."