तापलं की बंद पडणारं मशीन

आमच्या होडीच्या मोटरनं आम्हाला इतक्या वेळा पाण्यात मधोमध बसवून ठेवलंय, की किस्से गोळा करायला वेगळे कष्ट पडले नाहीत. वीस मिनिटं पाण्यात अडकलेली चार माणसं दुसरं करणार काय? बोलतात! काही हसण्यासारखं, काही अजिबात नाही. शेवटचा एक तर मी कुणाला सांगतच नाही. आज सांगतो.

आमची वस्ती मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठाला. रस्त्यानं वळसा घालून पौडचा दवाखाना गाठायचा तर दोन तास. होडीनं पाणी ओलांडून जीप पकडली की पाऊण तास. म्हणून थोरल्या भावानं, दादानं, एका बंद पडलेल्या रिसॉर्टची जुनी फायबरची होडी आणली, मागच्या पेट्रोल मोटरसकट. मी घोटावड्याला कंपनीत कामाला, सुट्टीच्या दिवशी होडीत मदतीला. मोटर सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची. दोन फेऱ्या झाल्या, ऊन चढलं, की खोकून बंद. मग गार होईपर्यंत ढिम्म! बाळंतपण असो, ताप असो, वस्तीला नेणारी हीच.

*

पौडचे बबनमामा स्कूटरचे मेकॅनिक. होडीची मोटर त्यांनी कधी उघडली नव्हती, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी मोटर पाण्याच्या पिंपात उभी केली आणि दोरी ओढली. सुरू! कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, पुन्हा ओढली. सुरू!

"मशीन ठणठणीत हाय," मामा हात पुसत म्हणाले.

"मामा, गरम झाल्यावर बंद पडतंय," दादा म्हणाला.

मामांनी जरा विचार केला. "मग गरम कशाला करता?"

*

देशमुख साहेब मूळचे नांदेडचे, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. वस्तीजवळ त्यांनी प्लॉट घेतलेला, त्यामुळे रविवारी आमच्या होडीत. एकदा ते असतानाच मोटर बंद पडली.

"रिस्टार्ट करून बघितलं?" त्यांनी विचारलं.

"साहेब, तीन वर्षं तेच करतोय!" दादा म्हणाला.

पण माणूस हुशार. म्हणाले, "गार झाल्यावर तपासून काय कळणार? बंद पडली त्याच क्षणी बघू." बंद पडेपर्यंत मोटर गार ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट पडत होती, पेट्रोलही येत होतं. त्यांनी प्लग काढून लोखंडाला टेकवला आणि दादाला दोरी ओढायला लावली. ठिणगीच नाही! मग होडीतलं पोतं भिजवून आतल्या, ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवर धरलं. दहा मिनिटांनी निळी ठिणगी टचकन उडाली.

"कॉइल गेलीय. तापली की काम सोडते. मॉडेल नंबरचा फोटो पाठवा, मी मुंबईहून मागवून देतो."

तीन वर्षांचं दुखणं त्यांनी अर्ध्या तासात पकडलं. आणि आम्ही त्यातून काय शिकलो? ओलं पोतं! आधी वीस मिनिटं थांबावं लागायचं, आता दहा. आम्ही त्यातच खूश! साहेबांनी फोटोसाठी दोनदा मेसेज केला. मी उत्तर दिलं, "सर, पावसाळ्यानंतर बघू. पोतं मस्त चालतंय!" हा मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. वाचला की शरम वाटते, पण पुसवत नाही.

*

एकदा वस्तीतल्या एका म्हाताऱ्याच्या अस्थी घेऊन निघालो होतो. पलीकडं गुरुजी ताटकळलेले, आणि मोटर मधोमध बंद. पोतं भिजवलं तरी दाद देईना. त्याचा मुलगा चिडला. म्हाताऱ्याचा भाऊ मात्र खाली पाण्यात बघत शांत बसलेला.

"हितंच सोडा," तो म्हणाला. "आमच्या बापाचं धरणात बुडालेलं घर हितंच खाली हाय. मशीनला कळलं, तुमाला न्हाई कळलं!"

अस्थी तिथंच सोडल्या. मग दोरी ओढली, तर पहिल्या झटक्यात सुरू! त्या दिवसापासून लोक होडीत बसताना मोटरला हात जोडायला लागले. दादा नारळ फोडणार होता. वहिनीनं, त्याच्या बायकोनं, तोंड वाकडं केलं. "नारळ कसले फोडताय? नवा पार्ट आणा!"

असं म्हणणारी सगळ्या वस्तीत ती एकटीच.

*

एप्रिलची दुपार होती, माझी सुट्टी. दादा नुकताच दुसरी फेरी मारून आला होता. वैरण काढताना वहिनीच्या हाताला नाग चावला. उचलून तिला होडीत घातलं. मोटर तापलेलीच होती. निम्म्या पाण्यात गेलो आणि बंद.

दादानं कव्हर काढलं, पोतं भिजवून कॉइलवर दाबलं. मी वल्हं मारत होतो, पण वारा समोरून. काठ जवळ येईना. वहिनीच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. दादा पाणी ओतत होता, दोरी ओढत होता, मशीनला शिव्या घालत होता.

"अवं," वहिनी म्हणाली, "मशीनकडं काय बघताय? माज्याकडं बघा की."

"व्हय, व्हय, एकच मिनिट," दादा म्हणाला. मान वर केली नाही.

बाराव्या मिनिटाला मोटर सुरू झाली. वहिनी जीपमध्ये, पौडच्या अलीकडंच गेली.

दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम होऊन ताब्यात मिळायला संध्याकाळ झाली. तिला होडीनंच परत आणत होतो. मोटर गार होती, एकदाही खोकली नाही. निम्म्या पाण्यात आलो आणि आवाज थांबला. मी सवयीनं कव्हर काढायला उठलो.

दादा मागची जागा सोडून वहिनीजवळ जाऊन बसला होता.

"बस खाली," तो म्हणाला. "मीच बंद केलंय."