विमानतळावरचं प्लॅटफॉर्म तिकीट

बाबा गेल्यावर आज त्यांचा कोट झटकला, तर खिशातून जुनं प्लॅटफॉर्म तिकीट पडलं. तंबाखूचा वास अजून होता त्याला.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. कुणाला घ्यायला जायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढायचंच, हा त्यांचा नेम. मी पहिल्यांदा विमानानं आलो, तेव्हा नागपूर स्टेशनवर ते काढून बाबा विमानतळावर आले होते. दारातल्या शिपायाला दाखवत होते, "पोराले घ्याले आलो. तिकीट हाय मायाजवळ."

शिपाई हसला. माझ्यासोबतचे साहेबही हसले. "कोण रे हा?"

"गावचा आहे एक," मी म्हणालो.

बाबांनी ते ऐकलं. माझी बॅग उचलून साहेबांच्या टॅक्सीत ठेवली. टॅक्सी आमच्या अमरावतीलाच निघाली होती, मागे एक जागा रिकामी होती. मी काचेबाहेर पाहिलंच नाही.

ते रेल्वेनं आले, माझ्यानंतर तीन तासांनी. आईनं विचारलं, "बापलेक संगच काहून नाई आले?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकिटाच्या लायनीत मले उशीर झाला."